जुनी एमएक्स-५, बेताचा खर्च आणि इंग्लंडचं मीठ

रविवारचा_पाना (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मागे गप्पांच्या ओघात माझ्या दोन सीटच्या माझदाचा विषय निघाला आणि तेव्हापासून व्यनित, म्हणजे व्यक्तिगत निरोपांत, एकच प्रश्न येतोय: वीस-पंचवीस वर्षांची स्पोर्ट्स कार साध्या पगारात पोसवते का? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते, म्हणजे बाकीच्या अनुभवी लोकांनाही भर घालता येईल.

पोसवते. फक्त पैसा कुठे जाणार हे आधी माहीत हवं. बहुतेकांना इंजिनाची धास्ती असते. या गाडीत पैसा इंजिनात जात नाही, पत्र्यात जातो.

माझी गाडी एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, २००१ ची, १.८ लिटर. मी बर्मिंगहॅमजवळ राहते. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी: पहिली पिढी १९८९ ला आली, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची. दुसरी १९९८ ला, तिसरी २००५ ला, चौथी २०१५ ला. जपानमध्ये हिला युनोस रोडस्टर म्हणत, अमेरिकेत मियाटा. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, पहिल्या पिढीचं वजन टनाच्या आत. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. दोन सीटच्या दुसऱ्या कुठल्याच स्पोर्ट्स कारचा एवढा खप नाही, आणि आपल्यासारख्यांना त्याचा थेट फायदा होतो. सुटे भाग मुबलक, नवे आणि भंगारातले दोन्ही. पहिल्या दोन पिढ्यांची इंजिनं तर माझदाच्या ३२३ या घरगुती गाडीच्या घराण्यातली, त्यामुळे कुठलाही बरा मेकॅनिक त्यांना हात लावायला घाबरत नाही.

आता पत्रा. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ मारतात. चेशायरमधल्या विन्सफर्डला खडेमिठाची मोठी खाण आहे, तिथून ट्रकच्या ट्रक भरून येतं. ते मीठ चिखलात कालवून चाकांच्या मागे बसतं. पण एमएक्स-५ चा खरा घात वरून येणाऱ्या पाण्याने होतो. टप, म्हणजे घडीचं कापडी छप्पर, जिथे मागे बॉडीला बसतो तिथे पन्हळ आहे. पावसाचं पाणी तिच्यातून सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना येतं, तिथून नळीने खाली उतरून मागच्या चाकाच्या पुढे बाहेर पडतं. गाडी झाडाखाली लावली की या नळीत पानं, धूळ, टपाच्या कापडाचे तंतू जमून बोळा बसतो. मग पाणी तुंबतं आणि दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे त्या पोकळ पेटीसारख्या भागात, शिरतं. सिल आतून सडतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पापुद्रे. मागच्या चाकाच्या कमानीला सिल जिथे मिळतं तिथे रंगाला बारीक फोड दिसले, तर आतलं काम कधीच सुरू झालेलं असतं.

उपाय फुकटातला आहे. टप अर्धा उघडा, सीटच्या मागे सीटबेल्टच्या खांबाजवळ हात घाला, भोक सापडतं. बाटलीने थोडं पाणी ओता आणि कुणाला तरी मागच्या चाकापाशी वाकून बघायला सांगा. सरळ धार आली तर उत्तम. ठिबकत असेल तर गवत कापायच्या यंत्रात असते ती जाड नायलॉनची दोरी हळूहळू खाली सरकवा. लोखंडी तार घालू नका, नळी खालून निसटते आणि मग सगळं पाणी सिलमध्येच. मी हे पानगळीनंतर एकदा आणि वसंतात एकदा करते.

दुसऱ्या पिढीची आणखी एक दुखरी जागा पुढे आहे. पुढच्या सस्पेन्शनपाशी चॅसीचे दोन दांडे आहेत, तिथे पत्रा दुहेरी. दोन थरांच्या मध्ये ओल धरते आणि दांडा आतून पोखरतो. ही जागा बॉनेट उघडून दिसत नाही, गाडीखालीच जावं लागतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐकायचं. घट्ट पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो.

सिल आणि दांडे शाबूत असले, की बाकी सगळं सुट्टीच्या दिवशी अंगणात होण्यासारखं आहे. प्रश्न विचारा, लिहीत राहीन.

लेस्टरकर

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. येत्या शनिवारी एक गाडी बघायला जातोय. १९९९ ची, हिरवी, फोटोत एकदम झकास. मालक म्हणतो "नुकतंच खालून काळं कोटिंग करून घेतलंय, एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) वर्षभराची आहे." घ्यावी का?

रविवारचा_पाना

लेस्टरकर, जायच्या आधी घरबसल्या एक काम करा. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो: कधी पास, कधी नापास, किती मैल, आणि परीक्षकाने काय शेरे मारले. ते शेरे जुन्याकडून नव्याकडे ओळीने वाचा. एका वर्षी लिहिलंय "सिलला गंज, अजून कमकुवत नाही", पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि तिसऱ्या वर्षी गंजाचा शब्दही नाही, तर मधल्या काळात काय झालं ते विचारा. वेल्डिंग झालं असेल तर बिल असेल, कामाचे फोटो असतील. दोन्ही नसेल तर गंजावर काळा थर मारलाय असं धरून चाला. परीक्षकाला थर खरवडून काढायची मुभा नसते, हलकेच ठोकून-घासून कळेल तेवढंच त्याला कळतं.

सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असला की गाडी नापास होते. सिलचा मागचा भाग नेमका त्या हद्दीत येतो. म्हणून तिथला टीचभर गंजसुद्धा महागात पडतो.

नुकतंच मारलेलं काळं कोटिंग विकणाऱ्याच्या बाजूचं असतं, घेणाऱ्याच्या नाही. बघायला जा, पण टॉर्च आणि अंगाखाली टाकायला जुनी चटई घेऊन जा.

थेम्सकाठ

छान लिहिलंय. लंडनवाल्यांसाठी भर: २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारा पट्टा, लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (पालिका विभागांत) लागू आहे. पेट्रोल गाडी युरो ४ दर्जाची नसेल तर ज्या दिवशी चालवाल त्या दिवसाचे साडेबारा पौंड. पहिल्या पिढीच्या गाड्या यात सापडतात. दुसऱ्या पिढीत २००१ नंतरच्या काही गाड्या कागदोपत्री सुटतात, काही नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांत फरक असू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी नंबर टाकून तपासाच. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना ऐतिहासिक म्हणून सूट आहे, पण सगळ्यात जुन्या एमएक्स-५ लाही त्यासाठी अजून थांबावं लागेल.

रविवारचा_पाना

+१. बर्मिंगहॅमलाही शहराच्या मध्यभागी १ जून २०२१ पासून असाच पट्टा आहे, कारला दिवसाचे आठ पौंड. आमचं जाणं-येणं बाहेरच्या बाहेर, त्यामुळे मला फारसा त्रास नाही.

विम्याचंही सांगते. रोजच्या वापराचा नेहमीचा विमा घेऊ नका. घरात दुसरी गाडी असेल तर वर्षाला ठरावीक मैलांचा क्लासिक विमा मिळतो आणि तो बराच स्वस्त पडतो. त्यात गाडीची किंमत आधी लेखी ठरवून घ्या. नाहीतर कुणी मागून ठोकलं की विमा कंपनी बाजारभावाने हिशेब करते आणि तुमचं सगळं काम मातीमोल होतं.

मुळशीचा_वारा

धागा वाचून जीव जळला. पुण्यात बसून या गाडीची स्वप्नं कॉलेजपासून बघतोय. भाऊ इंग्लंडात आहे. त्याच्या नावावर घेऊन इकडे आणता येणार नाही का? स्टिअरिंग तर उजवीकडेच आहे.

थेम्सकाठ

नाही हो. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणायला परवानगी नाही, आणि त्याच्या आतली आणली तरी आयात शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त. त्यापेक्षा भावाकडे या आणि पंधरा दिवस चालवा.

मांडवीकाठ

मुळशीकर, दूर कशाला जाता, आमच्या गोव्यातच दोन सीटची गाडी बनत होती. सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर. फार थोड्या विकल्या गेल्या, पण गोव्यात अजून अधूनमधून एखादी दिसते.

माझ्या मावसभावाकडे एक आहे. ताईंनी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटा हिशेब. फायबरला गंज नाही, त्यामुळे आमच्या खाऱ्या हवेतही बॉडी ठणठणीत. पण दाराची रबरं, काच, मागचे दिवे असल्या वस्तू मिळत नाहीत, सगळं जुळवून बसवायचं. इंजिनाचं मात्र बरं आहे, तेच इंजिन युरोपात रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगोत होतं, त्यामुळे बेल्ट, पंप, गॅस्केट मागवता येतात. घ्यायची असेल तर आधी कागद बघा. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. ते राहिलं असेल तर आरटीओत फेऱ्या मारायची तयारी ठेवा.

मुळशीचा_वारा

मांडवीकाठ, देव बरें करो! व्यनि केलाय.

ऊन_खाणारा

सॅन डिएगोहून. माझ्याकडे १९९१ ची मियाटा, पहिल्या पिढीची, १.६. इकडे मीठ नाही, पाऊस नाही, पत्रा अजून नव्यासारखा. आमचा शत्रू ऊन. टपाची मागची खिडकी प्लास्टिकची असते. ती आधी पिवळी पडते, मग घडीवर तडकते. पहिल्या पिढीत टप खाली करण्याआधी खिडकीची चेन उघडून ती सपाट पाडायची असते. घाईत तशीच दुमडली की गेली. ताईंच्या पिढीला काचेची आहे.

१९८९ ते ९१ च्या १.६ बद्दल एक सावधगिरी. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला पुली बसते, ते टोक या सुरुवातीच्या इंजिनांत आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना पुलीचा बोल्ट नीट न आवळता बसवला तर पुली हलत राहते, पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी पाचरीची खाच झिजते आणि क्रँकच निकामी होतो. त्यामुळे बेल्टचं काम कुणी केलं, कधी केलं हे विचारून घ्या. याच इंजिनाची जमेची बाजू म्हणजे बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडत नाहीत. गाडी बंद पडते, इंजिन वाचतं.

इथे आम्हाला दर दोन वर्षांनी स्मॉग चाचणी, म्हणजे धुराची तपासणी, असते. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब झाला तर कॅलिफोर्नियाची मान्यता असलेलाच बसवावा लागतो, आणि तो चांगलाच महाग. स्वस्त मियाटा बघताना मी सगळ्यात आधी ताजी स्मॉग पावती मागतो.

लेस्टरकर

बाकीच्या यांत्रिक गोष्टींचंही सांगा ना ताई. मला तेल बदलता येतं, ब्रेक पॅड बदलले आहेत, त्यापलीकडे अनुभव नाही.

रविवारचा_पाना

तेवढं पुरे आहे. मला ज्या क्रमाने महत्त्वाचं वाटतं तसं लिहिते.

आधी रेडिएटर. त्याची वरची टाकी प्लास्टिकची आहे. नवी असताना काळी असते, म्हातारी झाली की तपकिरी-हिरवट पडते. असा रंग दिसला की थांबू नका, ती एक दिवस मोटरवेवर फुटते. नवा रेडिएटर स्वस्त आहे आणि बसवायला सोपा. तापून इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं तर मात्र गाडी बेताच्या खर्चात राहत नाही. या गाडीच्या इंजिनात जपण्यासारखी गोष्ट हीच आहे.

टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना. त्याच वेळी वॉटर पंप बदला, कारण तिथवर पोहोचायचीच मेहनत असते. मालकाला तारीख सांगता आली नाही, तर झालेला नाही असं समजून किमतीतून वजा करा.

इंजिनाच्या मागच्या बाजूने, गिअरबॉक्स जिथे जोडला आहे तिथे, तेल दिसलं तर लोक क्रँकचं सील गेलं म्हणून घाबरतात. पहिल्या पिढीत बऱ्याच वेळा ते वरून येत असतं. हेडच्या मागे कॅम सेन्सर आहे, त्याची रबराची रिंग कडक होते आणि तेल तिथून खाली ओघळतं. रिंग काही पेन्सांची. हात अडचणीत घालावा लागतो एवढंच.

क्लच पेडल मऊ लागतं, गिअर अडतो: क्लच ढकलणारा छोटा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. तो या गाड्यांत जातोच. भाग स्वस्त, काम तासाभराचं. थंडीत सुरुवातीला दुसरा गिअर कुरकुरला तर लगेच गिअरबॉक्स गेला म्हणू नका. आधी त्यातलं तेल बदला, ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४ दर्जाचं. गिअर दांड्याच्या मुळाशी रबराची लहान टोपी असते, ती फाटली की गाडीत गरम हवा आणि आवाज येतो. ती बदलताना त्या खोबणीतलं तेलही बदला, दांडा लोण्यासारखा फिरतो.

मागचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारे चिमटे, न वापरल्याने अडकतात. दहा-पंधरा मैल चालवून आल्यावर हात चाकाजवळ न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर तिथला कॅलिपर सुटत नाहीये.

बॅटरी डिकीत आहे. तिला वायू बाहेर सोडणारी नळी असते. स्वस्तात साधी बॅटरी टाकून नळी न जोडणारे बरेच भेटतात, आणि मग डिकीतला पत्रा खाल्ला जातो. बघायला गेल्यावर डिकीतलं कार्पेट उचलून पाहा.

आणि कृपा करून नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड हवेतच. जॅक पुढे मधल्या आडव्या बीमला आणि मागे डिफरन्शियलला लावा. सिलला जॅक लावून तो पत्र्यात घुसलेला मी पाहिलाय.

साठीचा_तरुण

मी हौसेने सगळं वाचलं, पण सरळ विचारतो. एवढी खटपट करण्यापेक्षा तिसऱ्या पिढीची का घेऊ नये? तिला टायमिंग चेन आहे, बेल्टची भानगड नाही, वयही कमी.

रविवारचा_पाना

काका, रोज कामावर न्यायची असेल तर मीही तुम्हाला तिसरीच घ्या म्हणेन. तिचं दोन लिटरचं इंजिन दमदार आहे. फक्त तेलाची पातळी नेमाने बघत राहा, काही इंजिनं तेल पितात आणि मालकाला पत्ता नसतो. किंमत मात्र आधीच्या पिढ्यांपेक्षा जास्त, आणि गंज तिलाही चुकलेला नाही.

माझं म्हणाल तर मला आधीच्या दोन पिढ्यांचा हलकेपणा हवा असतो. डर्बीशायरमधल्या बक्सटनहून मॅकल्सफील्डकडे कॅट अँड फिडलचा रस्ता आहे, वळणावळणाचा, आता तिथे पन्नास मैलांची मर्यादा आहे. त्या वेगातसुद्धा या गाडीत प्रत्येक वळण हाताला कळतं. पुढचं चाक कुठल्या खड्ड्यावरून गेलं, रस्ता कुठे ओला आहे, सगळं स्टिअरिंगमधून येतं. मोठ्या ताकदीच्या गाडीत हे सुख चाखायला कायद्याबाहेरच्या वेगात जावं लागतं. म्हणून या जुन्या गाड्या जपाव्यात असं मला मनापासून वाटतं. माझदाने स्वतः जपानमध्ये २०१७ साली पहिल्या पिढीच्या जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली. बंद झालेले टप, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, ब्रिजस्टोनचे मूळ मापाचे टायर पुन्हा बनवून घेतले. ती किंमत आपल्या आवाक्यातली नाही, पण भाग पुन्हा निघू लागले हे सगळ्यांच्याच फायद्याचं.

ऊन_खाणारा

ताईंच्या या प्रतिसादाला शंभर लाइक. टायरबद्दलही लिहा. लोक मोठी चाकं आणि रुंद टायर घालून गाडीचा जीव घालवतात.

रविवारचा_पाना

अगदी. पहिल्या पिढीचं मूळ माप १८५/६०, १४ इंच. माझ्या गाडीला १९५/५०, १५ इंच. तेवढंच ठेवा. चार चांगले टायर हे या गाडीचं सर्वांत स्वस्त सुधारकाम आहे. नक्षी शिल्लक असली तरी टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का बघा, आठवडा आणि वर्ष. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, वाळतात, आणि ओल्या गोलचक्करावर मागचं अंग फिरतं.

टायर बदलले की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घ्यावी लागते, आणि तिथे एक अडचण येऊ शकते. कोन बदलायचे लांब बोल्ट सस्पेन्शनच्या बुशमध्ये गंजून घट्ट बसतात. ते फिरत नसतील तर दुकानदार नुसती पुढची चाकं सरळ करून पैसे घेतो. आधीच विचारा, "चारही चाकांचे बोल्ट मोकळे आहेत का?" नसतील तर आठवडाभर रोज गंज सोडवणारं तेल मारा, मग प्रयत्न करा.

लेस्टरकर

बघून आलो. इतिहासात दोन वर्षं सिलच्या गंजाचा शेरा, यंदा काहीच नाही. बिल नाही. मालक भला माणूस आहे, त्याने स्वतःच मागच्या वर्षी घेतलेली. खाली गेलो तर पुढचा डावा दांडा बद्द वाजला. नको म्हणून आलो. बायको म्हणाली रंग किती सुंदर होता!

आता नॉटिंगहॅमला एक आहे. २००२ ची, १.६, रंग उडालेला, टपाला एक ठिगळ. पण सिलच्या वेल्डिंगची फोटोंसकट बिलं आहेत, आणि बेल्ट बदलल्याचीही. किंमत जवळपास तेवढीच. रंगामुळे मन कचरतंय.

रविवारचा_पाना

लेस्टरकर, नॉटिंगहॅमच्या गाडीला आजच फोन करा. उडालेला रंग पॉलिशने बराच वर येतो, नाही आला तरी एमओटीत कुणी रंग बघत नाही. ठिगळाचा टप दोन हिवाळे काढतो, तोवर भंगारातला काचेच्या खिडकीचा टप शोधता येईल.

बघायला गेलात की वेल्डिंगचे फोटो नीट पाहा. नुसतं वरून पत्र्याचं ठिगळ डकवलंय, की सडलेला भाग कापून नवा बसवलाय? कापलेल्या भागाच्या आतला थर फोटोत दिसतोय का? नळ्यांत बाटलीभर पाणी ओतून बघा, मालक हरकत घेणार नाही. गाडी घेतलीत तर पहिल्या कोरड्या, उबदार आठवड्यात सिलच्या आत मेण फवारून घ्या, दारापाशी रबरी बुचं असतात, ती काढून लांब नळीने आत जाता येतं. ओल असताना मारलंत तर ओलच आत कोंडली जाईल.

नंबर व्यनित पाठवा, एमओटीचा इतिहास मीही वाचून बघते.

लेस्टरकर

पाठवला ताई. रविवारी अकराची वेळ ठरली. चटई गाडीत टाकून ठेवलीय.